ऊसबिल बँकेत, बँक मोबाईलमध्ये



गेल्या हंगामात आम्ही अचलपूर भागात खोडव्याची पाहणी करीत होतो. एका वयस्कर सभासदांनी बांधावरच थांबवले. म्हणाले, "साहेब, बिल जमा झालं म्हणता, मले तं कायीच समजलं नाही." चौकशी केली तेव्हा कळले की, बिल पंधरा दिवसांपूर्वीच खात्यात पडले होते. बँकेचा संदेशही गेला होता, पण तो पुण्यास नोकरीवर असलेल्या मुलाच्या मोबाईलवर! स्वतःचे पैसे खात्यात असताना आजोबांनी खोडव्याच्या खतासाठी व्याजाने रक्कम उचलली होती.

आजोबांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणि गोड्या पाण्याच्या भागात आपण एकच बेणे, एकच खतमात्रा वापरतो काय? नाही. मग मोबाईलवरची बँक मात्र सर्वांना सारखीच कशी जमावी? जो तरुण आहे, इंग्रजी वाचतो आणि ज्याच्या हाती स्वतःचा चांगला फोन आहे, त्याला ती सोपी जाते. बाकीचे निरनिराळ्या ठिकाणी अडखळतात.

वयस्कर सभासदांना अक्षर बारीक दिसते. ओटीपीचे आकडे वाचून होईतो त्याची मुदत संपते. पुष्कळदा संदेश इंग्रजीत असतो. २०११ च्या जनगणनेत अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत साक्षरता ८७ टक्क्यांवर होती. पण मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी संदेश कळेलच असे नाही. अंगठा लावून पैसे काढावे म्हटले, तर कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र कधी कधी घेत नाही.

भगिनींची अडचण वेगळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी, तर अवघ्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. शेअर बाईच्या नावावर, खातेही तिचेच, पण फोन घरधन्याचा किंवा पोराचा, असे आम्ही घरोघरी पाहतो. अशा खात्यात काय आले, काय गेले, हे तिला दुसऱ्यालाच विचारावे लागते.

तरुण मंडळी सराईत खरी, पण घाई करतात. आलेली लिंक न वाचताच दाबतात आणि तिथेच फसतात.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच :

१) खात्याला कोणाचा मोबाईल क्रमांक जोडला आहे, हे पासबुक घेऊन बँकेत आधी विचारा. तो खातेदाराचा स्वतःचाच असावा.

२) स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. बँकेत नोंदलेल्या क्रमांकावरून *९९# लावल्यास इंटरनेटशिवाय, मराठीतूनही, शिल्लक पाहता येते. साध्या फोनसाठी मार्च २०२२ पासून 'यूपीआय १२३पे' ही सोयही आहे.

३) पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हटले की फोन ठेवून द्या. पिन आणि ओटीपी कोणालाही, अगदी आमच्या माणसांनाही, सांगू नका.

४) फसगत झालीच तर लाजू नका. तत्काळ १९३० क्रमांकावर आणि बँकेत कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

५) सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. आपल्या शाखेत तशी मागणी करा.

घरातील शिकलेल्या पोरा-पोरींनाही एक विनंती. आजोबांच्या हातून फोन ओढून काम उरकू नका. शेजारी बसून त्यांच्याच बोटाने एकदा, दोनदा, चारदा करू द्या. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायलाही आपण असेच शिकलो. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचे पैसे केव्हा आले, हे ज्याचे त्याला कळलेच पाहिजे.