शाब्दिक उदाहरणे, बीजगणितीय

शाब्दिक उदाहरणे, बीजगणितीय : ज्या उदाहरणांत संख्यांमधील संबंध चिन्हांनी न देता नेहमीच्या भाषेतील वाक्यांनी दिलेले असतात व त्यांवरून अज्ञात संख्या काढावयाची असते, त्यांना शाब्दिक उदाहरणे म्हणतात. त्यांची उकल दोन टप्प्यांत होते : वाक्यांवरून समीकरण मांडणे व ते सोडविणे. दुसऱ्या टप्प्यासाठी निश्चित नियम आहेत. पहिल्यासाठी तसे नाहीत. त्यामुळे वाक्याचा नेमका अर्थ लावणे हेच यातील मुख्य काम ठरते. अपूर्णांक व अंक यांवरील उदाहरणांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

इतिहास : ईजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरस या इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील हस्तलिखितात, एक राशी व तिचा सातवा भाग यांची बेरीज १९ होते, तर ती राशी कोणती, असे उदाहरण आहे. तेथे प्रथम ७ ही राशी मानली आहे. बेरीज ८ येते. म्हणून खरी राशी ७ × १९/८, म्हणजे १६ ५/८ होय. भास्कराचार्यांनी लीलावती (११५०) या ग्रंथात हीच रीत ‘इष्टकर्म’ या नावाने दिली आहे. अज्ञात राशीसाठी ‘अव्यक्त’ ही संज्ञा ब्रह्मगुप्तांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) आढळते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्तांसाठी यावत्तावत्, कालक, नीलक इ. नावांची आद्याक्षरे या, का, नी अशी वापरली आहेत.

अपूर्णांकांची उदाहरणे : यांत प्रत्येक अपूर्णांक कशाचा, हे प्रथम ठरवावे लागते. लीलावतीतील एक यात्रेकरू आपल्या द्रव्याचा १/२ भाग प्रयागास देतो, उरलेल्याचा २/९ काशीस, त्यातून उरलेल्याचा १/४ जकातीत व पुन्हा उरलेल्याचा ६/१० गयेस खर्च करतो. शेवटी ६३ निष्क उरतात. मूळ द्रव्य ६० मानल्यास शिल्लक क्रमाने ३०, ७०/३, ३५/२ व ७ येते. ६३ ही ७ ची नऊपट असल्याने मूळ द्रव्य ५४० निष्क होते. ‘उरलेल्याचा’ हा शब्द दुर्लक्षून सर्व भाग मूळ द्रव्याचेच मानले, तर त्यांची बेरीज २८३/१८०, म्हणजे एकाहून अधिक होते व उदाहरण निरर्थक ठरते.

दुसरा प्रकार अंश व छेद यांसंबंधीचा आहे. एका अपूर्णांकाचा छेद अंशापेक्षा ४ ने मोठा आहे. दोहोंत १ मिळविल्यास त्याची किंमत २/३ होते. अंश क्ष मानल्यास (क्ष + १)/(क्ष + ५) = २/३, म्हणून ३क्ष + ३ = २क्ष + १०, क्ष = ७ व अपूर्णांक ७/११. येथे नवा अंश २ व नवा छेद ३ असे समजणे चूक आहे. २/३ हे केवळ गुणोत्तर असून प्रत्यक्ष अपूर्णांक ८/१२ आहे. अशा उदाहरणात बेरजेची स्वतंत्र स्थिर पदे असल्यामुळे वरील स्वरूपातील इष्टकर्म लागू पडत नाही. अव्यक्त मानून समीकरणच मांडावे लागते.

अंकांची उदाहरणे : दशकस्थानी क्ष व एककस्थानी य असलेली संख्या १०क्ष + य होय, क्षय असे लिहिल्यास बीजगणितात तो गुणाकार होतो. दोन अंकांची बेरीज ११ असून अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढत असेल, तर (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = ९(य − क्ष) = २७, म्हणून य − क्ष = ३. यावरून क्ष = ४, य = ७ व संख्या ४७. बेरीज ११ ऐवजी १२ दिली असती, तर क्ष = ४ १/२ आला असता. समीकरणे सुटली, तरी ही किंमत अंक नसल्याने उत्तर अस्तित्वात नाही. वाढ २५ दिली असती, तरीही उत्तर मिळाले नसते. कारण ती नेहमी ९ च्या पटीत असते. उलटपक्षी, अंकांवरील हे बंधन कधी साहाय्यकही ठरते. संख्या आपल्या अंकांच्या बेरजेच्या चौपट असेल, तर य = २क्ष एवढे एकच समीकरण मिळते; तरीही १२, २४, ३६ व ४८ अशी चारच उत्तरे संभवतात.

मराठीत अनेक संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो : सत्तेचाळीसमध्ये सात आधी व चाळीस नंतर येतात, तर लेखनात ४ आधी येतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस तीन’ यांसारख्या वाचनाचा अंतर्भाव झाल्यावर त्यासंबंधी बराच वाद झाला. संख्यानाम कोणतेही असले, तरी समीकरण मांडताना अंकाचे स्थानच विचारात घ्यावयाचे असते.

पडताळा : आलेले उत्तर केवळ समीकरणात घालून पाहणे पुरेसे नसते, समीकरणच चुकीचे असल्यास ती चूक तशीच लपून राहते. उत्तर मूळ वाक्यांशी ताडून पाहावे लागते. ४ + ७ = ११ आणि ७४ − ४७ = २७ या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच वरील उदाहरण पूर्ण होते.