सहा नंबरची बस

मुलगी, जावई आणि नात लंडनचा मुक्काम हलवून यंदा पुण्याला परत आले. आमच्या डोलवी गावात ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी एकच म्हटलं, "बरं झालं, तुमची धावपळ थांबली." म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण ते मला लागलं. मुलगी जवळ आली याचा आनंद आहेच. पण तिच्या घरामुळे जे शहर आम्हा दोघांचं झालं होतं ते आता परकं झालं, आणि त्याला कोणी धावपळ म्हणावं हे मला मान्य नाही.

लंडनला जायला लागण्याआधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हे इथल्या इस्पात कंपनीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर, मी पेणच्या शाळेत. त्यांची रात्रपाळी असली की मी शाळेत निघताना ते झोपलेले आणि मी परतेपर्यंत निघायच्या तयारीत. मध्ये एकदा पर्यटन कंपनीबरोबर युरोप 'केलं'. लंडनच्या वाट्याला एक दिवस आला. उतरा, फोटो काढा, बसा. त्या सहलीतलं मला जेवायच्या वेळेची घाई सोडून काही आठवत नाही. 2010 च्या अखेरीस कंपनी जेएसडब्ल्यूकडे गेली, त्याच सुमारास हे निवृत्त झाले. 2011 ते 2019 हा काळ मात्र आमचा. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. आम्ही उन्हाळ्यात जायचो आणि व्हिसा पुरेल तितकं राहायचो.

"पोरीला फुकटची आया मिळाली," असं तेव्हा काही नातेवाईक म्हणायचे. आज सांगते, नात शाळेत आणि तिचे आईबाप कामावर गेले की दिवस आमचा असायचा. डबा बांधून आम्ही विल्सडेनहून सहा नंबरची बस धरायचो. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी. केन्सल राइज, एजवेअर रोड, मार्बल आर्च, मग ट्रफाल्गर चौक आणि शेवटी ऑल्डविच. 2013 मध्ये ऑयस्टर कार्डावर 1 पौंड 40 पेन्स लागायचे. त्या ऑगस्टमध्ये पौंडाने शंभरी ओलांडली, तरी एवढ्या पैशात एवढं शहर दुसऱ्या कोणी दाखवलं नसतं.

सरकारी संग्रहालयांचं प्रवेशशुल्क 2001 च्या डिसेंबरमध्ये रद्द झालं होतं. त्याचं मोल आमच्यासारख्यांना विचारा. तिकीट काढलं की माणूस वसुलीच्या मागे लागतो. आम्ही एका दिवशी एकच दालन बघायचो, बाकावर बसायचो, पोळीभाजी खायला बाहेर यायचो. सायन्स म्युझियममध्ये बोल्टन आणि वॉटचं 1788 चं वाफेचं इंजिन आहे. त्याच्यापुढे ह्यांनी मला तासभर उभं केलं. इंजिनाचा वेग वाढला की वरचे दोन गोळे फिरता फिरता बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप आवळतो आणि चाकाचा वेग पुन्हा ताळ्यावर येतो. हातवारे करून, माझ्या पर्सचा पट्टा गरगरा फिरवून त्यांनी ते समजावलं. "अहो, तुम्ही कंपनीत हेच करायचात?" मी विचारलं. "हेच गं, फक्त फार मोठं आणि फार गरम." इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं काम मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि ते किती आवडीने करत होते हेही.

मला माणसांची घरं बघायची ओढ. पॅडिंग्टनजवळ 10 हाउली प्लेस इथे निळी पाटी आहे: 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक तिथे राहत होते. पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या दाव्यासाठी गेले आणि दावा हरले. त्याच 1918 साली आपल्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख लंडनमध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, पण तिथल्या किती मुलांना हे माहीत असेल? बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते ते 10 किंग हेन्रीज रोडचं घर आम्ही आधी नुसतं रस्त्यावरून पाहिलं होतं. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. त्यानंतरच्या मुक्कामात आत पाऊल टाकलं तेव्हा हे जिन्यातच थांबले, डोळे पुसून मग वर आले.

बाबासाहेब जिथे शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ऑल्डविचलाच, सहा नंबरच्या तेव्हाच्या शेवटच्या थांब्यापाशी. आणि तिथून चालत पाच मिनिटांवर, 143 स्ट्रँड इथे इंडिया क्लब होता. कृष्ण मेननांच्या इंडिया लीगच्या मंडळींनी 1951 मध्ये सुरू केलेला. अरुंद, चढा जिना, साधी टेबलं, भिंतीवर जुन्या नेत्यांच्या तसबिरी आणि मसाला डोसा. डबा नसेल त्या दिवशी आम्ही तिथे. कोणी उठा म्हणायचं नाही.

भाद्रपदात तिथे असलो की डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचो. मंडळ 1932 पासूनचं. एका वर्षी आरतीला उभी असताना मी मूर्तीच्या डोळ्यांकडे बघतच राहिले. पापणीची बारीक रेघ, बुबुळाच्या कडेची तांबूस छटा. ही आखणी आमच्याकडचीच. विचारलं तर खरंच पेणहून आलेली मूर्ती! हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत बायका रात्री जागून रंगकाम करतात. त्यांच्या हातची मूर्ती इथवर येते, त्यांना मात्र हे शहर कधी दिसत नाही. शेजारच्या बाईंना हे सांगताना माझा आवाज दाटून आला आणि आरती संपेपर्यंत काही सुधारला नाही.

2020 मध्ये सगळं बंद झालं, त्याबद्दल काय लिहायचं. पण पुढे जे झालं ते रोगाने केलेलं नाही. 2023 मध्ये सहा नंबरची बस ऑल्डविचऐवजी व्हिक्टोरियाकडे वळवली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला इंडिया क्लब बंद झाला, कारण इमारतीच्या मालकांना तिथे नवं हॉटेल हवं होतं. व्हिसाचं शुल्क ऑक्टोबर 2023 मध्ये 115 पौंड झालं आणि 2025 च्या एप्रिलमध्ये 127. परदेशी पाहुण्यांकडून संग्रहालयांनी पैसे घ्यावेत अशीही चर्चा तिथे आहे. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला एखादं शहर सवडीने बघता यावं, ही सोय एकेक करून काढून घेतली जाते आहे. याचा मला राग आहे.

इथल्याबद्दलचा राग त्याहून मोठा. आम्ही जायला लागलो त्याच 2011 मध्ये आमच्या दारचा मुंबई-गोवा महामार्ग रुंद करायला घेतला, पळस्पे ते इंदापूर. तिकडे ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या परिसरात क्रॉसरेल या भुयारी रेल्वेचं काम चाललं होतं. तीही रखडली, डिसेंबर 2018 ची मे 2022 झाली. पण खोदकामाच्या कडेने पादचाऱ्यांसाठी कठडा लावून वाट ठेवलेली असायची आणि काम कुठवर आलं याचा फलक असायचा. आमच्याकडे खड्डे, धूळ आणि अवजड ट्रेलर. पंधरा वर्षं होत आली तरी काम पुरतं संपलेलं नाही. माझे गुडघे तिथे मैलभर चालायचे, ते इथे वडखळ नाक्यावर रस्ता ओलांडायला घाबरतात. म्हणून आम्ही दोघं हल्ली घराच्या गच्चीवर फेऱ्या मारतो.

गेल्या महिन्यात ह्यांनी कागदावर नाक्याचा आराखडा काढला: पादचाऱ्यांची वाट कुठून न्यावी, झेब्रा पट्टे कुठे, सावलीला बाक कुठे. मापं स्वतः टेपने घेतली, मी टेपचं दुसरं टोक धरलं. अर्ज मी लिहिला, दोघांच्या सह्या केल्या आणि दोन कार्यालयांत दिला. दोन्हीकडची पोच माझ्याकडे आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.