शीड शिवून घ्यायचे, पण कोणाकडून?

२२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटाभोवती शिडाच्या नौकांची एक शर्यत झाली. ब्रिटिश नौकांच्या ताफ्यात परकी नौका एकच होती. ती न्यूयॉर्कहून अटलांटिक महासागर ओलांडून आलेली ‘अमेरिका’. शर्यत तिनेच जिंकली आणि पुढे त्या चषकालाही तिचेच नाव मिळाले. नौकेचा पुढचा भाग निमुळता होता, हे तिच्या यशाचे एक कारण होतेच. पण जाणकारांच्या डोळ्यांत भरली ती तिची शिडे. ब्रिटिशांची शिडे जवसाच्या धाग्यापासून हाताने विणलेल्या कापडाची असत. वाऱ्यात ती पोत्यासारखी फुगत. कापडाची छिद्रे बुजावीत म्हणून शर्यतीत त्यांवर पाणी मारावे लागे. ‘अमेरिके’ची शिडे मात्र यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची होती आणि वाऱ्यातही चापून बसल्यासारखी दिसत. त्यानंतर ब्रिटिश नौकामालकही सुती शिडांकडे वळले.

आज नौकेसाठी नवे शीड घ्यायचे झाले, तर मालकापुढे तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. दोन कारागिरांकडून दर मागवले. मोजमाप तेच, पण एकाचा दर दुसऱ्याच्या दीडपट! दोन्ही शिडे दिसायला पांढरीशुभ्र, दोन्ही कडक. मग जादा पैसे कशाचे?

याचे उत्तर एका शब्दात देता येते: आकाराचे. शीड म्हणजे वारा अडवणारा पडदा, अशी आपली समजूत असते. वारा पाठीमागून येत असेल तेव्हा ती खरी आहे. त्या वेळी जुनी चादर बांधली तरी होडी चालेल. पण नौकेला वाऱ्याच्या दिशेने तिरके जायचे असेल, तर शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याला किंचित बाक लागतो. या बाकाला आपण शिडाचे ‘पोट’ म्हणू. हे पोट शिडाच्या मध्याच्या आसपास किंवा थोडे पुढे, डोलकाठीच्या बाजूला असावे लागते. का, ते पाहा. वाऱ्याचा दाब कापडाला काटकोनात असतो. शिडाचा पुढचा भाग नौकेच्या मध्यरेषेशी बराच तिरका असतो, म्हणून तेथील दाबाचा काही भाग नौकेला पुढे ओढतो. मागचा भाग मध्यरेषेला जवळजवळ समांतर असतो. तेथील दाब नौकेला नुसता आडवा ढकलतो. आता कापड ताणले जाऊन पोट मागे सरकले, तर काय होईल? मागची कड आत वळेल, पुढची ओढ कमी होईल आणि नौका एका अंगावर कलंडू लागेल. वारा तोच, शीड तेवढेच, पण नौका पुढे जाण्याऐवजी बाजूला वाहवत जाते.

शर्यतीत याची किंमत म्हणजे हुकलेला चषक. पण वारा समुद्राकडून खडकाळ किनाऱ्याकडे वाहत असेल आणि वाढत असेल, तर किनाऱ्यापासून दूर निघण्याचा मार्ग वाऱ्याकडे तिरके जाणे हाच असतो. नेमक्या त्याच वेळी ढिले शीड दगा देते, कारण ते सर्वांत जास्त ताणले जाते ते जोराच्या वाऱ्यात.

किती ताणले जाते? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १० सागरी मैल वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दीड किलोग्रॅम वजनाइतका भरतो. वेग २० मैल झाला की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे सहा किलोग्रॅमच्या वर जातो. शिवाय कापडावरचा ताण या दाबाहून बराच मोठा असतो. कपडे वाळत घालण्याची दोरी आठवा. दोरीला झोळ असेल तर ओले धोतर ती सहज पेलते. पण ती अगदी सरळ राहावी असा हट्ट धरला, तर खुंट्या उपटून येतात. चांगले शीड सपाट असते, म्हणजे ते ओढून बांधलेल्या दोरीसारखेच असते. ३ मीटर रुंदीच्या शिडाला ३० सेंटिमीटर पोट असेल, तर २० मैलांच्या वाऱ्यात त्याच्या दर मीटर पट्ट्यावर सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका ताण येतो. मागच्या कडेवर आणि कोपऱ्यांवर तो याहूनही अधिक असतो.

येथे वाचकांनी एक प्रयोग करावा. सुती हातरुमाल समोरासमोरच्या दोन कडा धरून धाग्याच्या दिशेने ओढा. तो फारसा वाढत नाही. आता तोच समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. चांगलाच लांबतो! शिंपी या तिरक्या दिशेला ‘उरेब’ म्हणतात. धाग्याच्या दिशेने ओढताना धागा स्वतः ताण घेतो. उरेब ओढताना ताणा आणि बाणा यांचे चौकोन तिरपे होऊन दबतात. म्हणून शीड शिवणारा कापडाच्या पट्ट्या अशा लावतो, की बाण्याचा धागा मागच्या कडेला समांतर यावा. तरीही त्रिकोणी शिडात कोठे ना कोठे ताण तिरका येतोच, आणि तेथेच कापडाची परीक्षा होते.

आजची बहुतेक शिडे पॉलिएस्टरची असतात. हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. शर्टाच्या कापडामुळे आपल्याकडे घरोघर माहीत झालेले ‘टेरिलीन’ ते हेच. अमेरिकेत त्याला ‘डेक्रॉन’ म्हणतात. परंतु पॉलिएस्टर पॉलिएस्टरमध्येही फरक असतो. उत्तम कापडात धागा बळकट असतो, वीण अतिशय घट्ट असते आणि विणल्यावर उष्णता देऊन ती आणखी आवळलेली असते. हलक्या कापडात वीण विरळ असते, आणि ती उणीव राळेसारखे रसायन भरून झाकलेली असते. बाजारातील खळ दिलेले स्वस्त कापड दुकानात कसे कडक लागते आणि पहिल्या धुण्यानंतर कसे लुळे पडते, हे घरी सर्वांनी पाहिले आहे. शिडाचेही तसेच. ते वाऱ्यात फडफडले, की ही खळ तडकते आणि कापड उरेब ढिले पडते. म्हणून दर विचारताना कापडाचा तुकडा मागून घ्यावा. आधी तो उरेब ओढून पाहावा, मग मुठीत चांगला चुरगाळून पुन्हा ओढावा. दोन्ही वेळच्या वाढीत मोठा फरक दिसला, तर त्या कारागिराला नमस्कार करून परत यावे.

वजनाची तुलना करताना एक फसगत होते. शिडाचे कापड औंसांत सांगण्याची प्रथा आहे. पण ब्रिटिश औंस एका चौरस वाराचे वजन सांगतो, तर अमेरिकन औंस ३६ इंच लांब आणि अवघ्या साडेअठ्ठावीस इंच रुंद तुकड्याचे. त्यामुळे अमेरिकन ४ औंस आणि ब्रिटिश ५ औंस हे कापड जवळजवळ एकच असते. दोघांनाही चौरस मीटरला किती ग्रॅम हे विचारले, की दोन्हीकडे उत्तर १७० च्या आसपास येते.

कापड झाले, आता शिवण. सपाट कापडातून पोट कसे येते? छत्री उघडून पाहा. पाकळ्यांच्या कडा किंचित गोल कापलेल्या असतात, म्हणून जोडल्यावर घुमट होतो. शिडाच्या पट्ट्यांच्या कडाही अशाच थोड्या गोल कापतात. डोलकाठीकडची कडही कमानदार ठेवतात, आणि ही कमान डोलकाठी वाऱ्यात किती वाकते यावर ठरते. म्हणून माझ्या मते कारागिराला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न दराचा नसून ‘मोजायला तुम्ही स्वतः येणार का?’ हा आहे. दूरच्या नामांकित कारखान्याला पत्राने मापे कळवून शीड मागवता येते, आणि संगणकावर ते अचूक कापलेही जाते. पण माप चुकले असेल, तर अचूक कापलेले चुकीचे शीड हाती येते. जवळचा कारागीर पहिल्या वाऱ्यात नौकेवर येऊन शीड पाहतो आणि परत नेऊन दुरुस्त करतो. पुढे टाके पुन्हा घालायलाही तोच उपयोगी पडतो. टाके तर आधी जाणारच, कारण पॉलिएस्टर इतके कठीण असते की दोरा त्यात रुतत नाही. तो वर राहून घासतो आणि उन्हात करपतो. टाका नागमोडी आहे का, कोपऱ्यांवर ठिगळांचे थर किती, दोरखंड घासतात तेथे चामडे लावले आहे का, हेही पाहून घ्यावे.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. समजा, स्वस्त शिडाचे १०० रुपये आहेत व त्याचा आकार दोन हंगाम टिकतो. महागाचे १५० आहेत व त्याचा आकार पाच हंगाम टिकतो. म्हणजे पहिल्याचा खर्च हंगामाला ५० रुपये आणि दुसऱ्याचा ३०. शिवाय कापण्या-शिवण्याची मजुरी दोन्हींना सारखीच. १०० रुपयांत कापडाचे ३० असतील, तर दुप्पट किमतीचे कापड वापरूनही शीड १३० लाच पडते. तेव्हा काटकसर करायचीच झाली, तर ती कापडात करू नये.

पण महाग ते सर्वांनाच योग्य असे मात्र नाही. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर केव्हलार किंवा कार्बनचे धागे चिकटवून केलेली शिडे फार कमी ताणतात. शर्यतवाले ती घेतात आणि ती लवकर निकामी होणार हेही धरून चालतात. केव्हलार तर ऊन आणि घड्या या दोन्हींनी खचतो. लांबच्या प्रवासाला विणलेले कापडच बरे, कारण ते सुईदोऱ्याने भर समुद्रात शिवता येते. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात फाटलेली शिडे त्यांनी स्वतःच बसून शिवली. आणि मुलांना नौकानयन शिकवणाऱ्या एखाद्या मंडळाने साधे, दणकट शीड घेतले तर काही बिघडत नाही. तेथे शिडे आकार जाण्याआधी हाताळणीनेच झिजतात.

एक खर्च मात्र कोणीही टाळू नये, तो म्हणजे खोळीचा. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण पॉलिएस्टरच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. नायलॉनच्या तर आणखी लवकर. आपल्याकडच्या उन्हात बंदरात उभ्या नौकेवर उघडे गुंडाळून ठेवलेले शीड न वापरताच म्हातारे होते. गुंडाळीच्या वर राहणारी घडी सदैव एकच असेल, तर तेवढाच पट्टा पुढे नखाने टोकरला तरी फाटतो. जुने शीड कोठे पाहायला मिळाले, तर त्यावर हा पट्टा जरूर शोधावा.