सर्व्हर उठला का?

मागच्या वर्षी हॉस्टेलच्या रूम अलॉटमेंटचे फॉर्म पहिल्यांदा ऑनलाइन भरले गेले, ती रात्र आठवते? जो आधी भरेल त्याला आधी रूम. दहाला मेल आला, 'सर्व्हर सुरू झाला आहे'. लिंक उघडली तर ब्राउझरचं चाक नुसतं फिरतंय. बरेच जण 'सकाळी बघू' म्हणून झोपले आणि त्यांच्या खिडकीच्या रूम्स गेल्या. प्लॅस्टर घातलेल्या एका ज्युनियरला तिसरा मजला मिळाला (रेक्टर सरांनी नंतर बदलून दिला). तो मेल माझ्या स्क्रिप्टने पाठवला होता, म्हणून हा लेख.

सर्व्हर होता मेन बिल्डिंगच्या लॅबमध्ये आणि मी हॉस्टेलवर. स्क्रिप्ट लांबूनच टॉमकॅट चालू करायची, तीस सेकंद थांबायची आणि मेल टाकायची. टॉमकॅटची स्टार्टअप कमांड जावाची प्रोसेस मागे सोडून लगेच परत येते. म्हणजे कमांड संपली याचा अर्थ सर्व्हर उठला असा होत नाही. (स्टार्ट होण्याला चांगला मराठी शब्द कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवला नाही, तेव्हा 'उठणं'च म्हणते.) आणि तीस सेकंद हा आकडा मी माझ्या लॅपटॉपवर बघून ठरवला होता!

आता तुम्ही म्हणाल, पिंग करायचं ना! पिंगला उत्तर मशीन देतं, टॉमकॅट मेलेला असला तरी. मग पोर्ट बघावा? इथेच खरी गंमत आहे. त्या रात्री मी ८०८० वर टेलनेट केलं होतं आणि कनेक्शन चक्क मिळालं होतं. टॉमकॅट मूळ सेटिंगमध्ये पोर्ट आधी अडवून ठेवतो आणि अॅप्लिकेशन्स त्यानंतर लोड करतो. मधल्या वेळात आलेल्याशी हात मिळवतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल. तो त्याला रांगेत उभं करतो; जावाला त्याचा पत्ताच नसतो. आपल्या मेसचं शटर साडेसातला वर जातं आणि आपण ताटं घेऊन उभे, पण आत भाजीला अजून फोडणीसुद्धा पडलेली नसते, तसंच. रांग मूळ सेटिंगमध्ये शंभराची, आणि आपलं हॉस्टेल केवढं!

बरं, लॉग वाचावा? टॉमकॅट शेवटी 'सर्व्हर स्टार्टअप इन' अमुक मिलिसेकंद अशी ओळ लिहितो. पण लॉगची फाइल पुढे वाढत जाते, त्यामुळे शोधलं तर कालचीच ओळ सापडते. शिवाय आपलं अॅप्लिकेशन लोड होताना आपटलं तरी टॉमकॅट स्वतः उठतो आणि ती ओळ खुशाल लिहितो. आपल्या पत्त्यावर मात्र ४०४.

म्हणजे विचारायचं ते अॅप्लिकेशनलाच. आम्ही आता एक छोटं पान ठेवलंय. ते उघडलं की अॅप्लिकेशन डेटाबेसला एक साधी क्वेरी टाकतं. उत्तर आलं तर २००, नाही तर ५०३. लॉगिनचं पान बघून चालत नाही, कारण डेटाबेस बंद असला तरी ते छान दिसतं. स्क्रिप्ट दर दोन सेकंदांनी हे पान कर्लने मागते. प्रत्येक वेळी पाच सेकंदांची मर्यादा घालावीच लागते, नाहीतर त्या रांगेत आपली स्क्रिप्टपण अडकून बसते. तीन मिनिटांत २०० आलं नाही तर मेल फक्त मला येतो.

एवढं करूनही एकदा फसलोच. रीस्टार्टच्या वेळी जुनी प्रोसेस अजून बंद व्हायची होती, तिनेच 'हो, तयार' म्हणून सांगितलं! तेव्हापासून प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळही पानावर छापतो आणि स्क्रिप्ट ती तपासते.

मोठ्या ठिकाणी कुबरनेटीस वापरतात. तिथे ही चौकशी आयतीच मिळते, पण तीन वेगळ्या नावांनी: स्टार्टअप, रेडीनेस, लाइव्हनेस. रेडीनेसला नापास झालात तर ट्रॅफिक थांबतं, लाइव्हनेसला नापास झालात तर कंटेनरच रीस्टार्ट होतो. डेटाबेसची क्वेरी चुकून लाइव्हनेसमध्ये घातली, तर डेटाबेस जरा रुसला की धडधाकट सर्व्हर मारले जातात.

यंदा पान 'तयार' म्हणेपर्यंत एक मिनिट अकरा सेकंद लागले. मेल त्यानंतर गेला. प्लॅस्टरवाल्या ज्युनियरने, आता प्लॅस्टर नाही, स्वतःहून तिसरा मजला मागितलाय.