दानाचीहि पारख : लिनक्सच्या गाभ्यांत नवा ड्रायव्हर कसा घेतात

आंब्याच्या बागाइतदारास हवामानाच्या आंकड्यांवांचून आज एक पाऊलहि टाकतां येत नाहीं. मोहोरास लागणारी रात्रीची थंडी किती पडली, हवेंतील ओलावा किती चढला, मळभ किती दिवस टिकलें, यांवरून भुरी व करपा या रोगांचें अनुमान बांधून फवारणीची वेळ ठरवावी लागते. आंबा व काजू यांच्या हवामानावर आधारलेल्या पीकविम्यांत तर भरपाई मिळेल कीं नाहीं, हें स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरच ठरतें. शिवाय लहानसा संगणक व त्यास जोडलेला उष्णता-आर्द्रतेचा संवेदक, म्हणजे सेन्सर, स्वतःच्या बागेंत बसविणें हेंहि आतां सामान्य शेतकऱ्याच्या आवांक्यांत आलें आहे. पडद्यावर ‘२७.५’ असा आंकडा उमटला कीं आपण त्यावर विसंबतों. परंतु तो आंकडा खरा कशावरून? संवेदकापासून पडद्यापर्यंतच्या वाटेंत तो बिघडणार नाहीं, याची काळजी कोण वाहतो? या प्रश्नाचें उत्तर एका मोठ्या सामाईक कार्याच्या व्यवस्थेंत सांपडतें. ती व्यवस्था सहकाराची ओळख असलेल्या आमच्या वाचकांस मननीय वाटेल.

गाभा आणि दुभाषा

संगणकाचा सर्व कारभार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात व तिच्या मध्यवर्ती भागास कर्नेल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं ‘लिनक्स’ नांवाचा गाभा लिहून लोकांपुढें ठेविला. १९९२ सालापासून तो अशा परवान्यावर दिला जातो कीं, कोणीहि तो वाचावा, वापरावा व सुधारावा. मात्र सुधारलेला गाभा दुसऱ्यास दिल्यास सुधारणेची मूळ संहिताहि त्याच अटींवर द्यावी. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो आणि बागेंतील नोंदीसाठीं वापरला जाणारा ‘रास्पबेरी पाय’ हा लहान संगणकहि बहुधा त्यावरच चालतो.

गाभ्यास प्रत्येक यंत्राची भाषा मुळांत येत नसते. ती समजावून देणारा दुभाषा म्हणजे ‘ड्रायव्हर’. साधी आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते; परंतु ड्रायव्हर हा गाभ्याच्या आंत, त्याच्या सर्व अधिकारांनिशीं वावरतो. बांधावरच्या मजुराची चूक निराळी आणि तिजोरीच्या किल्ल्या कमरेस असलेल्या कारभाऱ्याची चूक निराळी. म्हणूनच नवा ड्रायव्हर फुकट मिळत असला तरी तो पारखल्यावांचून आंत घेत नाहींत.

परीक्षेची रीत

ड्रायव्हर देणारा कोणीहि असूं शकतो. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी असो वा अमेरिकेंतील बलाढ्य कंपनी असो, दोघांस दार एकच. त्यानें आपलें काम ‘पॅच’च्या रूपानें, म्हणजे संहितेंत कोणत्या ओळी वाढवावयाच्या व कोणत्या काढावयाच्या हें दाखवून, सर्वांस वाचतां येईल अशा उघड पत्रानें पाठवावयाचें असतें. काम मोठें असल्यास त्याचे लहान लहान तुकडे पाडावे लागतात; एका पॅचांत एकच बदल, आणि तो कां केला याचा खुलासा सोबत.

गाभ्याच्या प्रत्येक विभागास ‘मेंटेनर’, म्हणजे राखणदार, असतो. तो व इतर जाणते लोक पॅच ओळीनें ओळ वाचून आक्षेप काढतात. लेखकानें त्यांस उत्तर द्यावें किंवा दुरुस्ती करून दुसरी आवृत्ति पाठवावी. तिसरी, पांचवी, प्रसंगीं दहावी आवृत्ति लागली तरी त्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. समाधान झाल्यावर परीक्षक ‘रिव्ह्यूड-बाय’ असें लिहून आपलें नांव खालीं घालतो; ज्यानें प्रत्यक्ष यंत्र जोडून पाहिलें तो ‘टेस्टेड-बाय’ असें लिहितो. हीं नांवें संग्रहांत कायमचीं राहतात. पुढें पॅच विभागाच्या राखणदाराकडून वर चढत शेवटीं टॉरवाल्ड्स यांच्याकडे पोंचतो. नवी आवृत्ति साधारण नऊ-दहा आठवड्यांनीं निघते. त्यांतील पहिले दोन आठवडे नवीं कामें आंत घेण्याचे व उरलेले दोष काढण्याचे असतात. पेरणीची घात चुकली तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी, तसाच हा प्रकार आहे.

शेत घेतांना जसा आपण आधीं सातबारा पाहतों, तसा येथें पहिला प्रश्न मालकीचा असतो. २००३ सालीं एससीओ या कंपनीनें, आपली संहिता लिनक्समध्यें घातली गेली, असें म्हणून आयबीएमवर दावा लावला व तो वर्षानुवर्षें चालला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखालीं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ घालण्याचा नियम झाला. ‘हें काम माझें आहे किंवा तें देण्याचा मला हक्क आहे’, असें प्रतिज्ञापूर्वक सांगणारी ती सहीच होय.

परीक्षक काय पाहतो?

उदाहरणादाखल डीएचटी-२२ हा स्वस्त व सर्वत्र मिळणारा संवेदक घेऊं. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या संग्रहांत आहे. अशा ड्रायव्हरच्या परीक्षेंत पुढील गोष्टी कसोशीनें पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट मापाची. पूर्वीं एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळत नसे व व्यवहारांत त्यापायीं तंटे होत. गाभ्यांत संवेदकांसाठीं माप ठरलेलें आहे : उष्णता अंश सेल्सिअसच्या सहस्रांशांत आणि आर्द्रता टक्क्याच्या सहस्रांशांत. २७.५ अंश म्हणजे २७५०० असेंच उत्तर आलें पाहिजे. लेखकास दुसरें माप सोयीचें वाटलें तरी तें चालत नाहीं.

दुसरी गोष्ट ताळ्याची. हा संवेदक प्रत्येक वेळीं पांच अंक-गट पाठवितो. पहिल्या चारांत आर्द्रता व उष्णता असून पांचवा गट त्या चारांच्या बेरजेवरून काढलेला असतो. तार लांब असली किंवा सांध्यास गंज चढला कीं मधले अंक बदलतात व बेरीज जुळत नाहीं. अशा वेळीं ड्रायव्हरनें कोणताहि आंकडा न देतां ‘वाचन चुकलें’ असेंच सांगावें. खोट्या आंकड्यापेक्षां ‘आंकडा मिळाला नाहीं’ हें उत्तर शतपट बरें. कारण खोट्या आंकड्यावर बागाइतदार फवारणीचा खर्च करून बसतो.

तिसरी गोष्ट परमुलखाची. रत्नागिरींत पारा शून्याखालीं जात नाहीं. म्हणून येथील लेखकाच्या ड्रायव्हरमध्यें ऋण उष्णतेचा दोष राहिला तर तो त्यास जन्मभर दिसणार नाहीं. हा संवेदक ऋण चिन्ह सर्वांत वरच्या एका स्थानांत ठेवतो. तें स्थान वेगळें न काढतां सबंध संख्या वाचली, तर काश्मीरच्या सफरचंदाच्या बागेंत उणे १०.१ ऐवजीं ३२८६.९ अंश असें उत्तर येईल! ‘माझ्या येथें चालतें’ हें प्रमाण परीक्षक मानीत नाहीं तें याचसाठीं.

चौथी गोष्ट गर्दीची. एक आज्ञावली दर तासास नोंद घेते, दुसरी त्याच आंकड्यावरून पंप चालू करते. दोघींनीं एकाच क्षणीं विचारणा केल्यास उत्तरांची सरमिसळ होते. एका रहाटावर दोघांनीं उलटसुलट ओढ घेतल्यासारखें तें होईल. म्हणून एकाचें वाचन पुरें होईपर्यंत दुसऱ्यास थांबविणारें कुलूप योग्य जागीं आहे कीं नाहीं, तें पाहतात. शिवाय हा संवेदक दोन सेकंदांच्या आंत पुन्हां विचारल्यास नीट उत्तर देत नाहीं. तेवढ्या अवधीपुरतें मागील वाचन जपून ठेवावें लागतें.

पांचवी गोष्ट अपयशाची. काम अर्ध्यावर मोडल्यास घेतलेली स्मरणजागा परत केली आहे काय? नसल्यास थेंबाथेंबानें गळणाऱ्या हौदाप्रमाणें संगणकाची शक्ति कमी होत जाते, आणि महिनोन् महिने बागेंत चालणारें यंत्र ऐन मोहोराच्या दिवसांत बंद पडतें. सरळ वाटेवर कोणताहि बैल चालतो. घाटांत काय होतें हें पाहणारा तो खरा पारखी.

शेवटची गोष्ट सांभाळाची. गाभा सारखा बदलत असतो व प्रत्येक बदलाबरोबर ड्रायव्हरहि दुरुस्त करावा लागतो. लेखक निघून गेला तरी हें ओझें मागें राहणाऱ्यांवर पडतें. दान घेणें म्हणजे जन्माचा सांभाळ पत्करणें होय. म्हणून संहिता दुसऱ्यास सहज वाचतां येईल अशीच लिहिली पाहिजे, असा आग्रह धरतात.

तीन प्रसंग

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणास वाटेल. २००८ सालीं लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चांचणी-काळांत इंटेल कंपनीचीं कांहीं नेटवर्क कार्डें अंतर्गत माहिती पुसली जाऊन निकामीं होऊं लागलीं. प्रथम त्या कार्डांच्या ड्रायव्हरवर संशय आला. परंतु शोधाअंतीं, गाभ्याच्या हालचालींची नोंद ठेवणारा एक निराळाच भाग परक्या जागीं लिहीत होता, असें आढळलें. तो भाग बंद केला व कार्डाच्या माहितीवर लिहिण्यास ड्रायव्हरमध्येंहि प्रतिबंध घातला. संहितेंतील चुकीनें यंत्रच कायमचें बिघडूं शकतें, आणि सर्व संहिता उघडी असल्यामुळेंच खरा दोषी सांपडतो, हे दोन्ही धडे यांत आहेत.

दुसरा प्रसंग २००९ चा. मायक्रोसॉफ्टनें सुमारें २०,००० ओळींचे ड्रायव्हर लिनक्सला दिले. देणारा एवढा मोठा, तरी तें काम थेट मुख्य भागांत न घेतां ‘स्टेजिंग’ नांवाच्या रोपवाटिकेंत ठेविलें. अपुऱ्या ड्रायव्हरांसाठीं ती २००८ सालींच सुरू झाली होती. पुष्कळ छाटणी व दुरुस्ती होऊन त्यांतील प्रमुख भाग मुख्य संग्रहांत स्थिरावण्यास २०१२ साल उजाडलें. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत नीलम व हापूस यांच्या संकरापासून निघालेली ‘रत्ना’ ही जात १९८१ सालीं प्रसारित होण्यापूर्वीं अशाच धीरानें पारखली गेली होती.

तिसरा प्रसंग विश्वासाचा. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या कांहीं संशोधकांनीं, परीक्षक फसतात कीं काय हें पाहण्यासाठीं, २०२० सालीं मुद्दाम सदोष पॅच खोट्या नांवांनीं पाठविले. हे सदोष पॅच संग्रहांत शिरले नाहींत. तथापि २०२१ च्या एप्रिलमध्यें त्या विद्यापीठाचें सर्व काम घेणें थांबविण्यांत आलें व पूर्वीं आलेले ४०० हून अधिक पॅच पुन्हां तपासले गेले. त्यांतील बहुतेक निर्दोष निघाले. पण तपासणाऱ्यांचे श्रम मात्र वायां गेले. परीक्षकाचा वेळ हें सामाईक पाणी आहे. तें नासणाऱ्याविषयीं मंडळी कठोर होते, यांत नवल नाहीं.

आपलें कर्तव्य

लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, ही या कार्याची जुनी अडचण आहे. नवी वस्तु देणाऱ्याचें नांव होतें. ती नाकारणारा किंवा चारदां परत पाठविणारा अप्रिय होतो. वस्तुतः सामाईक धन टिकतें तें दुसऱ्यामुळेंच. बीं-बियाणें किंवा कलमें संस्थेमार्फत घेतांना आपणहि हाच न्याय लावावा : देणारा कोण यापेक्षां दिलेलें काय व मागाहून सांभाळणार कोण, हें आधीं पाहावें.

बागाइतदारांस या कामीं एक वाटा सहज उचलतां येईल. हवामानाचें यंत्र घेतांना त्यांत कोणता संवेदक आहे व त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य संग्रहांत आहे कीं विक्रेत्यानेंच तो स्वतंत्र बाळगला आहे, हें विचारून घ्यावें. दुसरा प्रकार असल्यास विक्रेता थांबला कीं यंत्राची दुरुस्तीहि थांबते. संवेदकाशेजारीं साधा तापमापक टांगून कांहीं दिवस दोहोंचे आंकडे वहींत लिहावे. फरक पडल्यास तारीख, वेळ व आवृत्तीसह तो कळवावा. आणि नवा ड्रायव्हर परीक्षेस आला असेल तर घरांतील संगणक शिकलेल्या मुलाकडून तो जोडून पाहावा. वर्षास ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, खारा वारा व आषाढांतील दाट दमट हवा, अशा कसोटीची जागा परदेशांतील परीक्षकाच्या टेबलावर नसते. ती आपल्या परसांत आहे. तेथें यंत्र उतरलें, तर ‘टेस्टेड-बाय’ या शब्दांपुढें रत्नागिरीच्या शेतकऱ्याचें नांव लागण्यास कांहींच हरकत नाहीं.