अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा : काही शब्द समजून घेऊ या

बिलोली हा सीमेवरचा तालुका. पलीकडे तेलंगण सुरू होते. त्यामुळे येथील घरांतून मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी उर्दूही सहज कानी पडते. एकाच दुखण्याला एका घरात ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, शेजारी ‘पक्षवातम्’ आणि त्यापुढील घरी ‘फालिज’. डॉक्टर ‘पॅरालिसिस’ म्हणतात, पुस्तकात ‘अर्धांगवायू’ असतो. वृद्धांची सेवा करणाऱ्या ताई-मावशी या सर्व शब्दांना सरावलेल्या असतात. खरी अडचण येते ती एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतले जातात तेव्हा.

‘अंगावरून जाते’ असे एखाद्या आजीने सांगितले, तर तिथे वाऱ्याचा संबंध नाही. ती स्रावाविषयी बोलते आहे. लाजेमुळे ती याहून अधिक बोलणारही नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर तो केवढाही लहान असो, डॉक्टरांना कळवावयास हवा.

‘शुगर उतरली’ ही अनेक घरांत आनंदाची बातमी ठरते. परंतु मधुमेहाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची साखर ७० च्या खाली गेली असेल, तर तो धोका आहे. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रुग्ण शुद्धीवर असेल व त्याला गिळता येत असेल, तर तत्काळ साखरपाणी द्यावे आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा.

सर्वाधिक हानी ‘जखम’ या शब्दाने होते, असे आमचे मत आहे. डॉक्टर ‘बेडसोर’ म्हणतात, मराठीत शय्याव्रण. घरचे लोक जखम दिसण्याची वाट पाहतात. शय्याव्रण मात्र कातडी फाटण्यापूर्वीच सुरू झालेले असते. माकडहाड, खुबे, टाचा येथे लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावरही ती फिकी पडली नाही, तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली उमटत नाही. तेथे तो भाग आजूबाजूपेक्षा काळसर, गरम वा टणक लागतो का, हे हाताने पाहावे. अशा जागी तेल लावून चोळण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने आतील इजा वाढते. घागरीखालची चुंबळ माकडहाडाखाली ठेवणेही मायेपोटीच घडते, परंतु तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा अडवतो. त्याऐवजी पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवावी. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, आणि बदलताना रुग्णाला ओढू नये. दोघांनी चादरीसह उचलावे.

‘म्हातारचळ’ आणि ‘वात झाला’ हे शब्दही सरसकट वापरले जातात. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. काल नातवंडांना नावाने हाक मारणारे आजोबा आज एकाएकी भलतेच बडबडू लागले, किंवा उलट गुंगीत पडून राहू लागले, तर तो वेगळा आजार आहे. त्यास डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध, काही वेळा निव्वळ मलावरोध, अशी त्याची कारणे असतात आणि बहुधा त्यांवर उपचार होऊ शकतो. मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका घरी भेटीस गेलो असता आम्हीही ‘वयच झाले आता’ असे बोलून निघून आलो होतो. चार दिवसांनी त्या आजींना रुग्णालयात न्यावे लागले. लघवीचा संसर्ग निघाला. त्या वाचल्या, तरी ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

राहिला ‘बरे आहे’ हा शब्द. मोठ्या उपचारांसाठी बिलोलीहून नांदेड गाठावे लागते, आणि तेथील डॉक्टरांच्या हाती या दोन शब्दांतून काहीच लागत नाही. सेवा करणाऱ्या ताईंनी एक साधी वही ठेवावी. ‘जेवले’ याऐवजी ‘अर्धी भाकरी, वाटीभर वरण’. ‘लघवी होते’ याऐवजी ‘सकाळपासून एकदाच, गडद पिवळी’. ‘खोकला’ याऐवजी ‘पाणी पिताना प्रत्येक वेळी ठसका’. शेजारी वेळ लिहावी. अक्षर कसेही असले तरी चालेल, आणि ‘नोप्पी’ असे तेलुगूत लिहिले असेल तर वेदना असा अर्थ नातेवाइकांनी सांगावा.