टप उघडा, ब्रेक घट्ट!

वीसहून जास्त वर्षं गॅरेजात पडून असलेली स्टँडर्ड हेराल्ड, एक हट्टी मामा, त्याहून हट्टी मामी आणि बंगला रिकामा करायची तारीख. एका ओपन कारच्या कमबॅकची ही गोष्ट.

भंगारवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला हलकीशी लाथ घातली आणि म्हणाला, "वजनावर जाईल."

आठशे किलोच्या आसपासचा ऐवज! मामानं काही न बोलता त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू पत्रकार ना? मग शोध की कोणीतरी, ही चालू करणारा."

तर सीन असा होता. एरंडवण्यातला मामाचा बंगला रीडेव्हलपमेंटला गेलेला. दिवाळीच्या आत सगळं रिकामं करून द्यायचं. कपाटं, भांडी, आजीचा पाटा-वरवंटा, सगळ्याची वाटणी ठरली. प्रश्न उरला गॅरेजातल्या हेराल्डचा. तिच्यावर जुन्या चादरी, चादरींवर रद्दी आणि रद्दीवर मांजर. गाडी तिथून एक तर भंगारवाल्याच्या टेम्पोतून जाणार होती, नाही तर स्वतःच्या चाकांवर.

छप्पर नट-बोल्टवर

आपल्या पिढीला हेराल्ड माहीत असायचं काही कारण नाही, म्हणून थोडा फ्लॅशबॅक. ट्रायम्फ हेराल्ड ही मूळची ब्रिटिश. १९५९ मध्ये आली. डिझाइन जिओव्हानी मिकेलोट्टी या इटालियन माणसाचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती आपल्याकडे स्टँडर्ड हेराल्ड या नावानं काढली. अँबेसेडर आणि फियाटच्या गर्दीत ही दोन दारांची, मागे बारीकसे पंख असलेली गाडी म्हणजे फुल स्टाइल. पुढचं बॉनेट मडगार्डसकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं आणि आख्खं इंजिन समोर येतं. पुढच्या टायरवर आरामात बसून काम करा! आणि वळते किती, तर २५ फुटांच्या वर्तुळात. पेठेतल्या बोळात यू-टर्न मारायला बेस्ट.

पण खरी गंमत वेगळीच आहे. हिला स्वतंत्र चासी आहे आणि वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांनी नट-बोल्टवर बसवलेली. छप्परसुद्धा! ब्रिटनमध्ये १९६० पासून कंपनी स्वतःच कापडी टपाची हेराल्ड विकत होती. आजोबांनी १९६५ मध्ये घेतलेली आमची हेराल्ड मात्र बंद छपराची. मामानं १९७९ मध्ये, लग्नाच्या आधी दोन महिने, ते छप्पर उतरवलं, टप बसवून घेतला आणि हा बदल आरसी बुकात नोंदवूनही घेतला (शेवटी पुणेकर!). मामा-मामी हनिमूनला महाबळेश्वरला गेले ते उघड्या गाडीतून. मामीच्या केसांचं काय झालं, हा विषय घरात आजही निघतो.

मग ही बंद का पडली? खरं तर ती बंद पडलीच नव्हती. ती बंद केली गेली.

२००३ मध्ये जेजुरीहून येताना, दिवे घाटाच्या उतारावर ब्रेक गेले. पाय थेट तळाला. मागच्या सीटवर मी होते, सहा वर्षांची. मला आठवतो तो फक्त गिअरचा कर्कश आवाज आणि मामीचा माझ्या छातीवर दाबलेला हात. मामानं खालचा गिअर टाकत आणि हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. टोचन करून गाडी घरी आली, गॅरेजात गेली आणि मामी म्हणाली, "मी पुन्हा हिच्यात बसणार नाही." मामानं शटर खाली ओढलं. बस्स.

आधी सेल्फ नाही!

माझ्या शोधमोहिमेत नाना पेठेतले एक रिटायर्ड मेकॅनिक सापडले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. साठच्या दशकातल्या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. मी उत्साहात नवी बॅटरी घेऊन हजर. वायर जोडणार, तोच चाचा ओरडले, "रुको बेटा! उलटी लावतेस!"

त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांसारखी हेराल्डलाही पॉझिटिव्ह अर्थ आहे. म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. पहिला धडा शिकले.

दुसरा धडा लगेच मिळाला. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला आल्या आल्या सेल्फ मारायचा नाही. आतलं तेल कधीच निथळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला की ज्या गोष्टी पन्नास वर्षं टिकल्या, त्या पाच सेकंदांत मोडतात. चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं आणि म्हणाले, "आता घरी जा. परवा या."

परवा टॉप गिअर टाकून आम्ही गाडी हळूहळू पुढे-मागे डोलवली. पहिल्यांदा काहीच नाही. मग बारीकसा कुरकुर आवाज आला आणि पंखा फिरला. मामाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता.

पुढचे तीन वीकेंड साफसफाई. सीटखाली उंदरांचं टू-बीएचके, अर्ध्या वायरी कुरतडलेल्या. टाकीतलं पेट्रोल आटून त्याची डिंकासारखी राळ झालेली, वास जुन्या वॉर्निशचा. टाकी उतरवून धुतली. कार्ब्युरेटरचे जेट साफ केले. पेट्रोल पंपाचा रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता, तो बदलला. डेल्कोमधले पॉइंट पॉलिश पेपरनं घासून त्यांची फट मोजून बसवली, इंचाचे पंधरा हजारावे भाग. इंजिन ऑइल, फिल्टर, रेडिएटरचे पाइप, सगळं नवं.

आणि पेट्रोलचे रबरी पाइपसुद्धा. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, चिरतं, गळतं आणि गळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं की काय होईल हे सांगायला नको. त्यामुळे इथेनॉल सोसणारे पाइप टाकले.

ग्रीस नव्हे, तेल

हेराल्डची एक फेमस खोड आहे. पुढच्या चाकांना वळवणारा जो खालचा सांधा आहे, ट्रनियन म्हणतात त्याला, त्यात ग्रीस भरायचं नसतं. गिअर ऑइल सोडायचं असतं. सगळीकडे ग्रीस मारायची सवय असलेला मेकॅनिक इथेही ग्रीस मारतो. वर्षानुवर्षं तेलाविना आटे गंजतात आणि एक दिवस उभा दांडा तुटून चाक आडवं होतं. गाडी जागच्या जागी गुडघा टेकते.

हे सांगितलं कोणी? चाचांनी नव्हे, मामानं! आजोबांची तेल डागलेली हँडबुक त्यानं जपून ठेवली होती. चाचांनी पान वाचलं, मान डोलावली आणि मुकाट्यानं ग्रीसची गन बाजूला ठेवली. त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली.

पुढचा रविवार

इंजिन चालू करायच्या आधी ब्रेक, हा चाचांचा नियम. जी गाडी थांबणार नाही ती चालवायची कशाला?

या हेराल्डला चारही चाकांना ड्रमब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइनी असतात. एक गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. इथे एका चाकाजवळचं एक रबर फाटलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. जुनं, ओलसर तेल घाटात तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल आणखी मऊ पडतं.

चाचांनी मागचा डावा ड्रम उघडला. व्हील सिलिंडर गंजलेला आणि आतलं वाटीसारखं रबर फाटलेलं. "यही था," ते म्हणाले.

मामा बराच वेळ त्या रुपयाएवढ्या रबराकडे बघत राहिला. चाचा हात धुवायला गेले तेव्हा मला म्हणाला, "मला माहीत होतं गं. जेजुरीच्या आधी पंधरा दिवस मेकॅनिकनं सांगितलं होतं, मागचं चाक ओलं दिसतंय, रबर बदला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी."

मी काय बोलणार? इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत आलो, 'गाडीनं दगा दिला.' त्यानं एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

"मामीला सांगितलंस?"

"नाही."

नवे व्हील सिलिंडर ब्रिटनहून कुरिअरनं आले. तिकडे हेराल्ड आणि तिच्याच चासीवरून घडवलेल्या स्पिटफायरचे वेडे आजही आहेत. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब हा त्यांचा क्लब १९७७ पासून चालू आहे. सुटे भाग तिथे मिळतात, वाट बघायची तयारी हवी. मास्टर सिलिंडर, होजपाइप, लायनर, तेल, काहीही जुनं ठेवलं नाही. टायरची नक्षी शाबूत दिसत होती, पण कडा भेगाळल्या होत्या, म्हणून तेही नवे.

आणि मग तो दिवस. चाचांनी पंपाचा छोटा दांडा हातानं दाबून पेट्रोल वर चढवलं. मामा स्टिअरिंगवर. पहिला सेल्फ, नुसतं घरघर. दुसरा, एक खोकला. तिसऱ्याला निळ्या धुराचा लोट आणि इंजिन धडधडायला लागलं! ऑइलचा दिवा विझला. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी धुराबद्दल तक्रार केली. पुणं!

रिक्षाचा टप, सरकारी कागद

टपाचं कापड तर उंदरांनी संपवलेलं. परदेशी टपाची किंमत ऐकून आम्ही गार. शेवटी रिक्षांचे टप शिवणाऱ्या एका कारागिराला गाडी दाखवली. त्यानं सांगाड्यावर जुनं कापड अंथरून बेतलं, मापं घेतली आणि आठवड्यात काळा कुळकुळीत टप शिवून आणला. एक थेंब आत येत नाही.

कागदांचं काम मात्र सगळ्यात लांबलं. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, वय पन्नास वर्षांच्या वर आणि गाडी मूळ रूपात हवी. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मला हे सॉलिड वाटलं. पण त्यात गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. शिवाय आमचं छप्पर परत बसवावं लागलं असतं. मामा म्हणाला, "मला गाडी प्रदर्शनात नाही, मंडईत न्यायचीय." मग दंड आणि पर्यावरण कर भरून, गाडी ट्रकवर घालून तपासणीला नेली आणि साध्या आरसीचंच नूतनीकरण झालं. एकूण खर्च? एका चांगल्या नव्या मोटरसायकलइतका. परतावा विचारू नका.

मामीची टेस्ट

बंगला सोडायच्या आदल्या रविवारी मामानं टप मागे घेतला आणि गाडी पोर्चमध्ये आणली. मामी पायरीवर उभी, हातात पिशवी.

"अगं, ऐक," मामा म्हणाला आणि त्यानं सांगितलं. ओलं चाक, पंधरा दिवस, पुढचा रविवार. सगळं.

मामी काही बोलली नाही. मग पिशवी माझ्या हातात देऊन ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. साडी सावरून तिनं ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळा भार टाकून. पेडल अर्ध्यावर जाऊन दगडासारखं थांबलं.

"अहो, पुढच्या वर्षीचं तेल कधी बदलायचं?"

"दोन वर्षांनी चालतं, चाचा म्हणाले."

"तारीख लिहून द्या. मी कॅलेंडरवर लावते." मग उतरली, वळसा घालून पलीकडे जाऊन बसली आणि पर्समधून स्कार्फ काढून डोक्याला बांधला. म्हणजे तो तिनं आधीच आणला होता!

मी मागे बसले. कर्वे रोडला लागेपर्यंत तिघंही गप्प. सिग्नलला एका बाइकवाल्यानं विचारलं, "काका, विकायची आहे का?"

मामानं मान हलवली. उत्तर मामीनं दिलं, "नाही हो. आत्ताच तर घेतलीय."

तुमच्याही घरी आहे का एखादी?

• चावी लावायचा मोह टाळा. आधी प्लग काढून तेल सोडा, इंजिन हातानं फिरतंय का बघा.
• जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्यात नवं मिसळून भागत नाही.
• बॅटरी जोडण्याआधी अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते तपासा.
• ब्रेकमधलं रबर आणि तेल सगळं नवं. नक्षी शाबूत असली तरी भेगाळलेले टायर बाद.
• गाडीची हँडबुक शोधा. मेकॅनिकलाही ती वाचायला द्या.
• चालू झाली की दर पंधरवड्याला इंजिन नीट तापेपर्यंत फिरवा. इथेनॉल पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नका.
• आणि मेकॅनिकनं काही ओलं दिसतंय म्हटलं, तर त्याच दिवशी!